इंजिन चालले, ताबडतोब यावे

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागं हीच गोष्ट सांगत होतो तर आमच्या साडूंच्या नव्या सदऱ्यावर सगळा चहा सांडला आणि त्याचाही दोष माझ्याच माथी आला.

तर, मी एकदा एका माणसाचं इंजिन चालायला लावलं होतं. चालायला म्हणजे कसं, ते पुढं येईलच.

महाराष्ट्र नवा-नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी मलकापुरात एका दुकानात पत्रव्यवहाराचा कारकून होतो. दुकान ऑइल इंजिनांचं आणि पाण्याच्या पंपांचं. स्टेशनवर माल उतरायचा, दुकानात यायचा आणि तिथून ट्रकवर चढून जिल्हाभर जायचा. लोक मोटेला कंटाळले होते, इंजिनं हातोहात खपत होती. मालकांना आम्ही शेठजी म्हणायचो. मोठे शांत गृहस्थ. रागावले तरी आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. त्यांचं बोलणं ऐकायला वाकावं लागलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

अडचण एकच होती. इंजिन विकणारे आम्ही चौघं आणि बसवणारा एकटा हुसेनभाई फिटर. आज चिखली, उद्या खामगाव, परवा जळगाव जामोद. बिचाऱ्याच्या पायाला चाकं लागलेली. शेतकरी महिना-महिना पेटीबंद इंजिनाकडं बघत बसायचे.

एक दिवस शेठजींनी मला बोलावलं.

"तुमचं मराठी चांगलं आहे म्हणतात. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत आहे. शेतकऱ्यानं वाचावं आणि आपल्या हातानं इंजिन बसवावं, असं काही मराठीत लिहून द्या."

आता तुम्हीच सांगा, शाळेत निबंधात पहिला नंबर काढलेल्या माणसाला असं सांगितलं तर तो काय करेल? मी कामाला लागलो. त्यात ते दिवस असे, की नवं राज्य, कारभार मराठीतून, कचेरीकचेरीत नवे मराठी शब्द घडत होते. मीही घडवले. फ्लायव्हीलला 'प्रचक्र' म्हटलं. विहिरीत सोडायच्या फूटव्हॉल्वला 'पादझडप'. पण माझा सगळ्यात लाडका शब्द वेगळाच होता. पंप सुरू करायच्या आधी त्याच्या पोटात पाणी भरावं लागतं, नाहीतर तो नुसता फिरतो, विहिरीतून पाणी ओढत नाही. या क्रियेला मी नाव दिलं 'पूर्वजलपूरण'. पूर्व म्हणजे आधी, जल म्हणजे पाणी, पूरण म्हणजे भरणं. हा शब्द सुचला त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. खरंच नेले होते, खोटं कशाला सांगू?

पुस्तक झालं चव्वेचाळीस पानांचं. अकरा प्रकरणं. पहिल्या प्रकरणाचं नाव 'मानव आणि यंत्र'. छापून आल्यावर मी एक प्रत हुसेनभाईंच्या हातात दिली. त्यांना मराठी वाचता येत नसे. त्यांनी ती तळहातावर तोलली.

"वजनदार झालं बाबू," ते म्हणाले. "लई काम दिसते याच्यात."

मी ती स्तुतीच समजलो.

आता एक गोष्ट तुम्ही विचारणारच, म्हणून मीच सांगून टाकतो. तोवर मी स्वतः एकही इंजिन बसवलं नव्हतं. दुकानात पेटीतून डोकावताना पाहिलं होतं, तेवढंच.

पुस्तकाची पहिली प्रत ज्या इंजिनासोबत गेली, ते होतं किसनराव माळ्यांचं. बीबीपासून दोन कोसांवरच्या गावात त्यांची विहीर होती. वांगी, मिरची, कांदा असा भाजीपाला करायचे आणि बीबीच्या बाजारात न्यायचे. चौकोनी चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. हुसेनभाई मागच्या एका फेरीत त्यांना पाया आखून देऊन आले होते. गवंड्यानं जमिनीबरोबर सिमेंटचा ओटा करून त्यात चार लोखंडी बोल्ट उभे केले होते. पंपही विहिरीच्या काठावर पक्का बसवून झाला होता. राहिलं होतं फक्त इंजिन. ते आता येणार या भरवशावर किसनरावांनी मोटेची बैलजोडी विकून टाकली होती.

पंधरा दिवसांनी दुकानात एक कार्ड आलं. गावच्या शाळेतल्या कुळकर्णी गुरुजींच्या हातचं, वळणदार अक्षरात.

'सप्रेम नमस्कार. इंजिन सुखरूप पोचले. सोबतच्या ग्रंथाचे वाचन मारुतीच्या पारावर रोज सायंकाळी चालू असून श्रोते चांगले जमतात. काल सातवा अध्याय झाला. त्यात सांगितल्याप्रमाणे किसनरावांनी पूर्वजांना जल दिले. इंजिन कोणत्या अध्यायात सुरू होते, ते कृपया कळवावे. बैल विकले आहेत. भाजीला पाणी नाही.'

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्वजांची भानगड मला काही कळली नाही. म्हटलं, असेल त्या बाजूची काही रीत. शेठजी काहीतरी बोलले. मला वाकावं लागलं.

"चव्वेचाळीस पानं," ते म्हणत होते. "आणि भाजीला पाणी नाही."

"शेठजी, सगळं त्यात आहे. एक गोष्ट सोडलेली नाही."

"म्हणूनच म्हणतो. आता एका कार्डावर मावेल एवढंच लिहा. आजच्या टपालानं गेलं पाहिजे."

मला राग आला होता, पण त्याहून जास्त ईर्ष्या आली होती. कमी हवं ना? घ्या कमी. मी कार्ड पुढ्यात घेतलं आणि दुपारपर्यंत शब्द खोडत बसलो. 'इंजिन पेटीतून काढून, खालच्या लाकडी फळ्या सोडवून, पायावरील बोल्टांवर बसवून नट आवळावेत' असं पहिलं वाक्य होतं. पेटीतून काढणार नाही तर काय पेटीसकट बसवणार? खोडलं. फळ्या कुणालाही दिसतील. खोडलं. बोल्ट तर समोर उभेच आहेत. खोडलं. उरलं ते 'इंजिन पायावर बसवा'. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. असं करत करत सगळं पुस्तक सात ओळींत आणलं.

इंजिन पायावर बसवा. पट्टा चढवा. पादझडप विहिरीत सोडा. टाकीत डिझेल भरा. पंपाला पाणी भरा. हँडल मारा. पाणी येईल.

एवढंच. खाली सही. सही जरा मोठी आली, कारण जागा उरली होती.

आठवड्याभरात उत्तर आलं. तेच वळणदार अक्षर. 'आपल्या कार्डाप्रमाणे केले. इंजिन चालले. सारे गाव पाहण्यास लोटले होते. आपण ताबडतोब यावे. सर्वजण आपली वाट पाहत आहेत.'

मी ते कार्ड शेठजींना दोनदा वाचून दाखवलं. नंतर शेजारच्या कापडदुकानातही दाखवलं. हुसेनभाई त्या दिवशी दुकानात होते. बिडी पेटवता पेटवता त्यांनी विचारलं, "चाललं म्हनते. पानी आलं असं लेहलं काय?"

"इंजिन चाललं म्हटल्यावर पाणी आलंच ना. प्रत्येक गोष्ट कशाला लिहायची?"

"तसं असन," हुसेनभाई म्हणाले आणि बिडी ओढत बसले.

सत्काराला जायचं म्हणून मी परीटघडीचे कपडे काढले. धोतर, कोट, डोक्याला टोपी. मलकापूरहून पहाटेची एसटी धरली, बुलढाण्याला बदलली, मेहकरला पुन्हा बदलली. घाटात बस वळणं घेत होती आणि मी मनात भाषणाला वळणं देत होतो. 'लेखनातला साधेपणा' असा विषय धरला होता. शाळेतल्या पोरांनाही उपयोगी पडेल म्हटलं.

बीबीच्या स्टँडवर गुरुजी बैलगाडी घेऊन उभे होते. किडकिडीत, चष्मा लावलेले, मोठे अदबशीर. माझी पिशवी त्यांनी स्वतः उचलली. गाडी रस्त्याला लागली तसा मी विषयाला हात घातला.

"मग, इंजिन चाललं म्हणायचं."

"चाललं ना साहेब. असं चाललं की जन्मात पाह्यलं नाही कोणी. आयाबाया लेकरं उचलून बाजूले झाल्या."

"पहिल्यांदा पाहिलं की असं होतंच. किती चाललं?"

"सात हात."

गाडीच्या चाकांचा आवाज फार होता. मला ऐकू आलं 'सात तास'.

"पहिल्याच दिवशी सात? वा. मग बंद केलंत?"

"बंद कसं करायचं ते कार्डात नव्हतं," गुरुजी नम्रपणे म्हणाले. "मग आपलं आपणच थांबलं."

डिझेल संपलं असेल, मी समजलो. सात तासांत संपणारच. मग मी गुरुजींना साधेपणाबद्दल थोडं सांगितलं. शब्द कसे कमी असावेत, वाचणाऱ्याच्या बुद्धीवर कसा विश्वास टाकावा. गुरुजी सगळं लक्ष देऊन ऐकत होते.

"कमी तर होतेच," ते शेवटी म्हणाले.

वावरात पोचलो तर खरंच बरीच माणसं जमलेली. किसनराव सगळ्यांच्या पुढं उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत काहीतरी लांबट होतं. मी गाडीतून उतरलो, टोपी सारखी केली आणि हार घालायला सोपं जावं म्हणून मान थोडी खाली केली.

किसनरावांनी हातातलं माझ्यापुढं धरलं. ती एक तुटलेली दोरी होती.

"हे पाहा साहेब. नवाकोरा कासरा होता. तटकन तुटला."

मी मान वर केली आणि तेव्हा मला इंजिन दिसलं. ते पायावर नव्हतं. पायापासून सात हात दूर, विहिरीच्या दिशेनं तोंड करून, मोटेच्या जुन्या दगडी खांबाला टेकून उभं होतं. खाली पेटीच्या दोन्ही लाकडी फळ्या जशाच्या तशा. मागं मातीत दोन सरळ रेघा उमटलेल्या, बैलगाडी गेल्यासारख्या.

मी त्या रेघांवरून चालत इंजिनापाशी गेलो.

"ह्या फळ्या काढल्या नाहीत?" मी विचारलं.

"काढायच्या होत्या काय? कार्डात तर नाही," किसनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आमी म्हटलं, कंपनीनं इतक्या मजबूत फळ्या देल्या तं त्याचे पायच असतीन."

"आणि हे बोल्ट? हे कशाला वाटले तुम्हाला?"

"इंजिन बांधायले. जनावर बांधते तसं. म्हनून तं कासरा लावला."

किसनरावांची बायको गिरजाबाई शेजारीच उभी होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोचलेला. ती म्हणाली, "यायनं हँडल मारलं अन् ते धडधड करत सुटलं. पट्टा गेला एकीकडे. मी म्हटलं, आता चाललं हे विहिरीत. खांब होता म्हनून वाचलं. अर्धा घंटा तिथंच थरथरत होतं, मंग बाटलीभर तेल घातलं होतं ते सरलं तवा गप झालं."

मी पंपाकडं पाहिलं. पंपाजवळ एक घासून लख्ख केलेली घागर होती, पाण्यानं भरलेली, वर झाकणी.

"ही कशाला?"

"तुमीच तं लेहलं, पंपाले पानी भरा. रोज सकाळी ताजं भरून ठेवते मी. तो काही घेत नाही."

तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी भरा. त्यांच्या घरी कुणासाठी पाणी भरून ठेवायचं तर घागरच भरतात. मी गुरुजींकडं वळलो आणि जरा घाबरतच विचारलं, "ते पूर्वजांना जल दिलं होतं, ते कशावरून?"

"सातव्या प्रकरणावरून," गुरुजी म्हणाले. "पूर्वज-जल-पूरण. एक 'ज' छपाईत गळलेला, तो धरून मी फोड करून सांगितली. किसनरावांच्या आजोबांनी विहीर खणली होती, तेव्हा सगळ्यांना ते पटलं. नदीवर जाऊन व्यवस्थित केलं साहेब, काही कसर ठेवली नाही."

पेढे आठवले मला. पाच पेढे खाल्ले होते मी एकट्यानं.

मिरचीच्या वाफ्यांकडं बघवत नव्हतं. पानं लुळी पडून खाली लोंबत होती. गिरजाबाई आणि तिच्या दोन सुना दिवसभर घागरींनी पाणी ओढून जेवढं जगवता येईल तेवढं जगवत होत्या. भाषण तर केव्हाच गळून गेलं होतं. मी कोट काढून गाडीवर टाकला आणि म्हटलं, "चला, फळ्या काढू."

बारा माणसांनी बांबू घालून इंजिन उचललं. फळ्या सोडवल्या. इंजिनाच्या तळाला चार भोकं होती, ती चार बोल्टांवर अशी नेमकी बसली की गर्दीतून एक 'अरे' उमटला. माझ्याही तोंडून उमटला असेल, कारण मीही पहिल्यांदाच बघत होतो. नट आवळले. पट्टा चढवला. डिझेल घातलं. किसनरावांनी हँडल मारलं. इंजिन जागच्या जागी, अगदी शहाण्यासारखं धडधडू लागलं. पंप फिरू लागला.

पाणी येईना.

सगळे पाइपाच्या तोंडाकडं बघत होते. मग हळूहळू माझ्याकडं बघू लागले. मी पट्टा पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं तर पादझडप पाण्यातच होती, उगाच एक नट आणखी आवळला. धोतराला काळं लागलं. घाम कानामागून गळत होता. काय राहिलं, काही सुचेना. आणि गंमत बघा, त्या क्रियेला नाव देणारा माणूस मी.

गिरजाबाई पंपाजवळ उकिडवी बसली होती. पंपाच्या डोक्यावर एक छोटी वाटी होती, नरसाळ्यासारखी. तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "भाऊ, हे इतकुसं तोंड कशाले ठेवलं असन याले? तोंड हाये म्हंजे काही पाजाव लागत असन ना."

माझं पूर्वजलपूरण ते हेच.

"थांबवा," मी ओरडलो. सुदैवानं बंद करायचा खटका मला पुस्तकातल्या चित्रावरून आठवला. घागर उचलली, वाटीची तोटी उघडली आणि पाणी ओतत गेलो. पंप बुडबुड करत पीत होता. अर्धी घागर प्याला, मग वाटी काठोकाठ भरून राहिली. तोटी बंद केली. किसनरावांनी पुन्हा हँडल मारलं.

पाइपातून आधी हवा आली, मग दोन गचके, आणि मग हाताच्या मनगटाएवढी धार आली ती थेट पाटात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पाण्यामागं चालत गेले, पहिल्या वाफ्यापर्यंत, दुसऱ्या वाफ्यापर्यंत. किसनराव फावडं घेऊन वाफ्यांत पाणी वळवायला बारे फोडू लागले. गिरजाबाईनं पाटात हात बुडवला आणि डोळ्यांना लावला.

संध्याकाळी भाकरी-वांग्याची भाजी खाल्ल्यावर मी खिशातून कागद काढला.

"काकू," मी म्हटलं, "पुढच्या माणसाला इंजिन बसवायचं असेल तर त्याला तुम्ही काय सांगाल?"

"मी काय सांगू बापा? मले कुठं लेहता येते?"

"लिहितो मी. तुम्ही फक्त बोला."

ती जरा लाजली, मग सांगू लागली. "फळ्या काढा म्हना. ते पाय नाही हाये. काढल्याबगर हात लावू नका. बोल्ट भोकात गेले पायजे, चारी, अन् वरून नट. दोरी बांधू नका."

"डिझेल कुठं घालायचं, तेही लिहू?"

"ते काऊन? टाकीचं झाकन काढलं की वासच येते. जिथं आमी फसलो नाही तिथं काही नका लेहू. जिथं फसलो तिथं दोनदा लेहा. पंपाच्या डोक्यावरच्या वाटीतून पानी पाजा, वाटी भरून उभी राहेपर्यंत पाजा. पुढं घागर भरून ठेवू नका, तो आपल्या हातानं घेत नाही. अन् भाऊ, सगळ्यात आधी लेहा, बंद कसं करायचं ते. चालू तं ते होतेच."

गुरुजी कंदिलाशी बसून हसत होते. मी मात्र खाली मान घालून शब्दन् शब्द उतरवून घेत होतो. शाळेतला कुठलाही निबंध मी इतक्या धाकानं लिहिला नव्हता.

मलकापूरला परतल्यावर तोच कागद मी शुद्धलेखन सुधारून छापायला दिला. 'तो आपल्या हातानं घेत नाही' हे वाक्य काढायचा मोह झाला होता, पण ठेवलं. कागद पाठपोट एकच पान झाला. शेठजींनी वाचला आणि त्या पुस्तकानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला न वाकता ऐकू आला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कार्डं येऊ लागली. कुणीही 'इंजिन चालले' लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी लिहिलं होतं, 'पाणी आले'.

एका दुपारी हुसेनभाईंनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. बिडी हातातच विझली. मी वाट पाहत होतो, आता तरी हा माणूस काही चांगलं बोलेल.

त्यांनी डोळे उघडले आणि अगदी मनापासून मान हलवली.

"ये हुई ना बात, बाबू," ते म्हणाले. "हे वाचलं तं कोनी बी इंजिन बसवून टाकन. अरे, तुमी बी बसवून टाकसान."